खिशात मावणारा कॅमेरा घ्यायचा होता त्याची गोष्ट

घरात माणसं चार आणि फोन पाच, तरी मला वेगळा छोटा कॅमेरा पाहिजे म्हटल्यावर बहीण हसलीच. आई म्हणाली कपाटात वरच्या खणात तो रोलचा पडलाय तो काढ, कशाला पैसे घालवतोस. कारण तसं फार मोठं नव्हतं. फोन फोटोसाठी हातात घेतला की तो फोटोपुरता हातात राहत नाही, वरून ऑफिसच्या ग्रुपचं काहीतरी टपकतं, ते वाचेपर्यंत समोरची गंमत संपलेली असते. आणि दुसरं म्हणजे फोनमधले माणसांचे फोटो मला हल्ली आवडेनासे झाले होते. आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या फोन परस्पर पुसून टाकतो, ते ब्यूटीबिटी सगळं बंद केलं तरी, आणि रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात भाचा जरा हलला की त्याचे हात गायब. म्हणून ठरवलं की पँटच्या खिशात मावेल असा डिजिटल कॅमेरा घ्यायचा, नवा मिळाला तर नवा नाहीतर सेकंडहँड, बजेट वीस हजार, अगदीच ताणलं तर बावीस.

मला फोटोग्राफी वगैरे शिकायची नव्हती हे आधी सांगतो, कारण मिररलेस घे, लेन्स बदलता येतात, असं सांगणारे बरेच भेटले. त्यांचं बरोबरच आहे. पण ती बॅग खांद्याला लावून मी सकाळी ठाण्याला लोकलमध्ये चढणार नाहीये आणि चढलो तरी ऑफिसात ती ड्रॉवरमध्येच राहणार, स्वतःला तेवढं ओळखतो.

रिव्ह्यू वाचायला लागलो तर डोकं फिरायची वेळ आली. प्रत्येक जण झूम, ४के, मेगापिक्सेल यावर बोलतो आणि मी नक्की काय काढतो हे त्यातल्या कुणालाच माहीत नाही. म्हणून सगळं बंद केलं आणि फोनची गॅलरी उघडून गेल्या वर्षभराचे फोटो बघत बसलो. फोटो वर सरकवला की खाली माहिती दिसते ना, किती वाजता काढला, कुठल्या लेन्सने, शटर किती (म्हणजे फोटो काढताना उजेड किती वेळ आत आला), ते सगळं. हे मी सगळ्यांना करायला सांगेन, फुकट आहे आणि रिव्ह्यूंपेक्षा उपयोगी आहे. माझ्या बाबतीत निघालं काय, तर बहुतेक फोटो संध्याकाळी सातनंतरचे, घरातले, माणसं दोन-तीन हातांवर, आणि शटर १/२५ सेकंदाच्या आसपास, म्हणजे हलत्या पोराचा फोटो पुसट येणारच. झूम जवळजवळ कुठेच नाही, सोसायटीच्या गणपतीतला भाचीचा डान्स सोडला तर. डोंगर, पक्षी, चंद्र, शून्य. म्हणजे ज्या ३० एक्स झूमवर मी भाळलो होतो त्याचा मला वर्षातून एकदा उपयोग होणार होता आणि तोही मागच्या रांगेत बसलो तर.

तेव्हा प्रश्न एकदम छोटा झाला. रात्री घरातल्या उजेडात जवळच्या माणसाचा फोटो नीट काढणारा कॅमेरा कुठला. बाकी सगळं गौण.

आता दुकानात नवीन काय मिळतं बघायला गेलो तर फारसं काही नाहीच. २०१० साली जपानी कंपन्यांनी मिळून जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले होते, त्यातले बहुतेक असेच खिशातले होते. २०२३ ला या छोट्या कॅमेऱ्यांचा आकडा १७ लाखांवर आला होता. फोनने तो धंदाच खाल्ला. त्यामुळे नव्यात मधलं काही उरलेलंच नाही, एकतर खूप महाग नाहीतर एकदम साधे. महागातले बघून घेतले, बघायला काय जातं. रिकोचा जीआर ३ हातात घेतला आणि खरं सांगतो, इतका लहान आणि आत इतका मोठा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, म्हणजे कमालच आहे, २५७ ग्रॅम फक्त. पण बजेटच्या कैक पुढे, आणि त्यात फ्लॅशच नाही. कॅननचा जी७एक्स मार्क ३ सगळ्या रीलवाल्या पोरांना पाहिजे म्हणून जगभर त्याची टंचाई, किंमत छापलेली एक आणि सांगायची भलतीच. सोडून दिला.

मग ऑनलाइन ते दुसरे असतात. पाच-सहा हजारात "४८ मेगापिक्सेल ४के १६ एक्स झूम" असं लिहिलेले, नाव कधी न ऐकलेलं, गुलाबी-पांढऱ्या रंगात. भाचीने एक लिंक पाठवली होती, मामा हा बघ ना किती क्यूट आहे. वर्णन नीट वाचलं तर १६ एक्स म्हणजे डिजिटल झूम, म्हणजे नुसतं कापून मोठं करणं, आणि मेगापिक्सेलसुद्धा सेन्सरचे कमी असतात आणि सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. ते एक वेळ चाललं असतं. पण फ्लॅशच्या जागी एलईडी. इथे मी थांबलो, कारण फ्लॅश आणि एलईडी यातला फरक मला तोपर्यंत कळला होता आणि माझ्या कामाचा सगळा मुद्दा तिथेच होता.

खरा फ्लॅश म्हणजे झेनॉनची छोटी नळी. तो जो लखलखाट होतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो. पोरगं उडी मारत असलं तरी तेवढ्या वेळात ते हलून हलून किती हलणार, म्हणून चेहरा कापल्यासारखा स्पष्ट येतो. फोनवर आपण ज्याला फ्लॅश म्हणतो तो एलईडी दिवा, तो नुसता पेटून राहतो, त्याने उजेड वाढतो पण हालचाल थांबत नाही. जुन्या डिजिकॅमवर काढलेले पार्टीचे फोटो पोरांना का आवडतात, चेहरे लख्ख आणि मागे अंधार, त्याचं निम्मं कारण ही नळी आहे.

यावरून भाचीशी माझा वाद झाला. ती कॉलेजात आहे, तिच्या ग्रुपमध्ये सीसीडीचं, म्हणजे जुन्या प्रकारचा सेन्सर असलेल्या डिजिकॅमचं, वेड आहे. मामा सीसीडीच घे, कलर बघ कसले येतात. मी म्हटलं अगं रंग सेन्सर सीसीडी आहे की हल्लीचा सीमॉस यावर फारसे ठरत नाहीत, कंपनी कॅमेऱ्यात फोटोवर जे संस्कार करते त्यावर जास्त ठरतात, आणि सीसीडीत रात्री समोर दिवा आला की उभी पट्टी उमटते ती बघितली आहेस का. ती म्हणाली ती पट्टीच भारी दिसते. यावर काय बोलणार! तिचं तिच्या जागी बरोबर आहे, तिला फोटो वेगळा दिसायला हवाय आणि मला आई आईसारखी दिसायला हवी होती.

सेन्सरचा हिशोब मात्र मी कागदावर केला, कारण त्या १/२.३ इंच, १/१.७ इंच या आकड्यांवरून काहीच कळत नाही. सरळ मिलिमीटर बघायचे. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर ६.१७ गुणिले ४.५५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिमी. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ गुणिले ८.८, म्हणजे ११६. चौपट झाला. आजकालच्या बहुतेक महागड्या फोनचा मुख्य सेन्सर या दोघांच्या मधे कुठेतरी असतो, म्हणजे साधा कॉम्पॅक्ट घेतला तर सेन्सरच्या बाबतीत मी फोनपेक्षा खालीच येणार होतो! हे कुणी सांगत नाही. वर लेन्स. कॅननचा इक्सस २८५ बघत होतो, २०१६ चा, १४७ ग्रॅम, खिशात आहे हे कळणारसुद्धा नाही असा, १२ एक्स झूम. पण त्याची लेन्स सुरुवातीलाच एफ ३.६ आणि पूर्ण झूमला एफ ७, आणि हा एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. एक इंचीवाल्यांची सुरुवात एफ १.८. एफचा आकडा निम्मा झाला की उजेड चौपट. चौपट सेन्सर आणि चौपट लेन्स, मिळून सोळापट उजेड. सोळापट! उन्हात याने फारसा फरक पडत नाही हेही खरं. दिवसा बाहेर फिरताना फोटो काढणाऱ्याने बिनधास्त इक्सस घ्यावा, हलका आहे, वायफाय आहे, झूम आहे. माझे फोटो रात्रीचे, म्हणून.

मेगापिक्सेलचं एवढंच सांगतो की आईला हातात धरायला जे फोटो लागतात, ४ बाय ६ इंचांचे, त्याला ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, १२०० गुणिले १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे २ मेगापिक्सेलच्या थोडं वर. दहा असोत की वीस, काय फरक पडतो.

एवढं झाल्यावर दोन नावं राहिली, दोन्ही जुनी, दोन्ही सेकंडहँडच मिळणारी. कॅननचा एस९५, २०१० चा, १/१.७ इंची सीसीडी (भाची खूश), एफ २ ची लेन्स, तिच्याभोवती फिरवायची रिंग. आणि सोनीचा आरएक्स१००, २०१२ चा पहिला, एक इंची सेन्सर, एफ १.८, वजन २४० ग्रॅम. ऑनलाइन सेकंडहँड घ्यायचं धाडस झालं नाही. ऑफिस फोर्टातच आहे, बोरा बझार दहा मिनिटांवर, तिथे कॅमेऱ्याची दुकानं आणि रिपेअरवाले लागून लागून आहेत, मग जेवणाच्या सुट्टीत तिकडे चकरा सुरू झाल्या. तासाभरात परत यायचं असल्यामुळे एकेका दिवशी एकेकच दुकान व्हायचं, डबा आधी साडेबाराला संपवून.

एका दुकानात वयस्कर काका होते, बोलायला मोकळे. मी म्हटलं एस९५ आहे का, तर त्यांनी उत्तर द्यायच्या आधी खालचा ड्रॉवर ओढून दाखवला. आत नुसते छोटे कॅमेरे, चांदीच्या रंगाचे, लाल, निळे, पंचवीस-तीस तरी असतील. म्हणाले, "साहेब, यातले अर्धे चालू आहेत, पण विकू कसे? कुणाची बॅटरी येत नाही, कुणाचा चार्जर येत नाही, कुणाला एक्सडी कार्ड लागतं ते आणू कुठून. तुम्ही कॅमेरा नंतर विचारा, बॅटरी आधी विचारा." मला हे एकदम पटलं. जुन्या कॅमेऱ्यात कार्डाचाही असाच घोळ असतो, ऑलिंपस आणि फुजीच्या जुन्या मॉडेलना एक्सडी कार्ड, सोनीच्या जुन्यांना मेमरी स्टिक, आणि २००६ च्या आधीचे एसडीवाले असतील तर त्यांना बहुतेक वेळा २ जीबीपर्यंतचंच साधं कार्ड चालतं, आजचं ६४ जीबीचं घातलं तर ओळखतच नाहीत. आपण दोन हजाराचा कॅमेरा मिळाला म्हणून नाचत घरी यायचं आणि मग कार्डासाठी वणवण.

त्या दृष्टीने बघितलं तर निकाल लागल्यात जमा होता. एस९५ ची बॅटरी एनबी-६एल, डुप्लिकेट मिळतात पण कुठली किती दिवस टिकेल सांगता येत नाही. आरएक्स१०० ची एनपी-बीएक्स१, तीच बॅटरी सोनीने पुढच्या सगळ्या आरएक्स१०० मॉडेलना वापरली, झेडव्ही-१ ला पण तीच, त्यामुळे कंपनीची नवीकोरी मिळते. आणि साध्या मायक्रो यूएसबीने कॅमेऱ्यातच चार्ज होते, वेगळा चार्जर हरवायची भानगड नाही. काकांकडे तो नव्हता. त्यांनीच समोरच्या गल्लीतलं दुकान दाखवलं, हे बघून बरं वाटलं.

तिथे दोन पीस होते. जुना कॅमेरा कसा तपासायचा हे मी वाचून गेलो होतो पण दुकानदार समोर उभा असताना सगळं आठवत नाही, म्हणून चक्क कागद काढून ठेवला. तो वैतागला असेल, पण चहा मागवला त्याने. पहिलं म्हणजे चालू-बंद दहा-बारा वेळा करायचा आणि लेन्सचा आवाज ऐकायचा, आत-बाहेर होताना करकर नको, अडखळणं नको. झूम पूर्ण पुढे, पूर्ण मागे. मग लेन्स बाहेर असताना फोनचा टॉर्च तिरका मारून आत बघायचं. मुंबईत आणि कोकणात हे सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडच्या पावसाळी हवेत लेन्सला बुरशी लागते आणि वरून पुसून ती जात नाही. पहिल्या पीसमध्ये कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. दुकानदार म्हणाला फोटोत येत नाही. आज येत नसेल, दोन पावसाळ्यांनी येईल, बाजूला ठेवला.

दुसऱ्याची लेन्स स्वच्छ होती. मग एफ ११ वर ठेवून दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो, म्हणजे सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. एक अगदी फिका ठिपका कोपऱ्यात होता, तो चालेल म्हटलं. मग लेन्स तळहाताने झाकून अंधाराचा फोटो, त्यात लाल-निळे टिंब चमकतात का ते. फ्लॅश लागोपाठ पाच-सहा वेळा. सगळी बटणं. कार्डाचं झाकण घट्ट बसतं का. बॅटरी काढून टेबलावर ठेवून बघितली, फुगलेली असेल तर डुगडुगते. तारीख घातली, बॅटरी काढून दहा मिनिटांनी परत घातली, तारीख तशीच होती म्हणजे आतला छोटा सेल शाबूत आहे. शेवटी दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे त्याचा पोऱ्या डबा खात बसला होता, तिथे त्याला विचारून त्याचेच दोन फोटो काढले, एक फ्लॅशने आणि एक बिनफ्लॅश. बिनफ्लॅशचा बघितला आणि मनातल्या मनात सौदा झाला. चेहऱ्यावरचा घाम, हातातली चपाती, सगळं जसंच्या तसं, काहीही गुळगुळीत न करता.

अठरा सांगितले, सोळाला तुटलं, बिलासकट आणि महिनाभराच्या टेस्टिंग वॉरंटीसकट. बिल नसेल तर घेऊ नका, दोन हजार वाचले तरी. वर नवीन बॅटरी, ३२ जीबीचं कार्ड आणि फोनला लावायचा कार्ड रीडर असं धरून बजेटमध्येच बसलो.

वापरायला लागल्यावर दोन गोष्टी लगेच जाणवल्या. एक म्हणजे बाहेरून हा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत आहे, पुढे धरायला काहीच नाही, त्यामुळे चिकटवायची रबरी पकड मागवून लावली आणि मनगटाची दोरी कायमची बांधली. घरात नियम केला की दोरी हातात घातल्याशिवाय कुणीही उचलायचा नाही, आईसकट. दुसरं म्हणजे अर्धं बटण. फोनची सवय असलेली माणसं बटण एकदम खच्चून दाबतात, मग फोकस व्हायला लागतो तेवढा उशीर होतो आणि दाबल्याचा धक्काही बसतो. अर्धं दाब, हिरवं झालं की पूर्ण दाब, हे बहिणीला सांगून सांगून दमलो. भाच्याला मात्र पहिल्याच दिवशी जमलं, वय वर्षं आठ. आणि तो खरा फायदा निघाला, कारण फोन त्याच्या हातात द्यायला त्याची आई तयार नसते, कॅमेऱ्यात गेम नाही, यूट्यूब नाही, घे म्हणते. त्याने काढलेले फोटो कमरेच्या उंचीवरून असतात, त्यात आम्ही सगळे खूप उंच दिसतो आणि टेबलाखालचं मांजर प्रत्येकात असतं.

फ्लॅशची एक युक्ती आहे. याचा फ्लॅश वर उघडतो आणि बोटाने हलकेच मागे ओढून धरला की तो छताकडे बघतो. आपल्या फ्लॅटची छतं पांढरी आणि फार उंच नसतात, त्यामुळे उजेड वरून पसरून खाली येतो, कपाळ चमकत नाही, मागची भिंतही दिसते. आईच्या वाढदिवसाचे सगळे फोटो असेच काढले. फ्लॅश नको असेल तेव्हा एस मोडवर, म्हणजे शटर आपण ठरवायचं त्या मोडवर, शटर १/१२५ ला ठेवतो आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरचा उजेड वाढवायचा आकडा, ऑटो, बाकी काही बघत नाही. झूम करत नाही, कारण झूम केलं की लेन्स एफ ४.९ पर्यंत जाते आणि ज्या उजेडासाठी एवढी पायपीट केली तोच हातचा जातो. पुढे जायचं असेल तर दोन पावलं चालायचं.

वायफाय नाही हा मोठा तोटा वाटेल असं वाटलं होतं. पहिल्या मॉडेलला नाहीच, २०१३ च्या दुसऱ्याला आलं. फॅमिली ग्रुपवर सुरुवातीला कटकट झाली, काढलेस ना फोटो, मग टाक की. आता रविवारी कार्ड रीडर फोनला लावतो, बरे तेवढे निवडतो, ते टाकतो, आणि महिन्यातून एकदा स्टुडिओत जाऊन थोडे प्रिंट काढून आणतो. आईने ते देवघराच्या शेजारच्या कपाटात चप्पलच्या खोक्यात ठेवायला सुरुवात केलीय, वर स्केचपेनने महिना लिहून.

पावसाळ्यात लोकलने जाताना घेऊन जात नाही, हा काही वॉटरप्रूफ नाही. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरायचाच, नुसता पडून राहिला तर बुरशी लवकर धरते असं रिपेअरवाल्याने बजावलंय. त्या पुड्या रंग बदलल्या की तव्यावर मंद आचेवर जरा गरम केल्या की परत कामाला येतात, पण कागदी पुडी असेल तर आधी दाणे वाटीत काढा.

भाचीला अजून सीसीडीच पाहिजे. तिच्यासाठी काकांकडे सांगून ठेवलंय, बॅटरी मिळणारा असेल तर फोन करा म्हणून.